साडेदहाचं गेट

लिंगपूजा आटोपून मन्मथअप्पा ओसरीवर आले, खुर्चीत टेकले आणि सुनेनं ठेवलेले दोन टाईप केलेले कागद वाचू लागले. चौथ्या कलमाशी ते थांबले.

"शिवरंजनी," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "हे कुणाचं डोकं?"

शिवरंजनी पदराला हात पुसत बाहेर आली. मांडवगावच्या ज्या विद्यालयात अप्पांनी अठरा वर्षं हेडमास्तरकी केली, तिथं ती तीन वर्षांपासून मुख्याध्यापिका होती. कोणतं कलम, हे तिला विचारावं लागलं नाही.

"कुणा एकाचं नाही, अप्पा. शाळेच्या शिस्तीचे नियम आज शिक्षक आणि पालक मिळून ठरवणार आहेत. मी नुसतं चर्चेला ठेवलंय."

"'साडेदहाला गेट बंद करण्याची पद्धत थांबवावी.'" अप्पांनी मोठ्यानं वाचलं. "चौतीस वर्षं झाली या पद्धतीला. परभणीचे साहेब लोक बघायला यायचे. आता गावाला सतरंजीवर बसवून हात वर करायला लावायचे?"

"गावाला नाही, पालकांना. लेकरं त्यांची आहेत."

"शाळेत आलं की लेकरू शाळेचं."

"आणि गेटच्या बाहेर राहिलं तर कुणाचं?"

अप्पांनी कागदाची घडी घातली.

बैठक योगिनीमुळं बोलावली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नववीतली योगिनी खालच्या वस्तीवरून एसटीनं यायची. श्रावणात ताडकळसच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं आणि बस वळसा घालून येऊ लागली. कधी दहा पंचवीसला पोचायची, कधी पावणेअकराला. उशीर झालेल्यानं घरी परत जायचं, असा शाळेचा नियम. वस्तीवरची मुलं सायकलवर यायची, त्यामुळं ती वळून जायची. योगिनीची परतीची बस संध्याकाळी पाचला होती. ती बसस्टँडच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन पाचपर्यंत बसायची. घरी तिनं सांगितलं नाही, शाळेनं कळवलं नाही. एक दिवस कुणीतरी तिच्या बापाच्या, सिताराम गवंड्याच्या, कानावर घातलं की तुझी पोरगी शाळेच्या वेळेत स्टँडवर बसलेली असते. सितारामनं तिला मारलं आणि दप्तर माळ्यावर टाकलं.

पंधरा दिवसांनी हजेरीपट तपासताना शिवरंजनीच्या ध्यानात आलं. ती वस्तीवर गेली. सितारामनं तिला आत बोलावलं नाही. "तुमी बाहीर ठिवली, मी घरात ठिवली," तो म्हणाला. "आता पाव्हणे बघायलोय तिच्यासाठी." योगिनी चौदा वर्षांची होती. शिवरंजनीनं त्याला कायद्याची आठवण करून दिली. सितारामनं मान हलवली आणि दार लोटून घेतलं.

शिवरंजनीचा नवरा राजेश्वर अंगणात मोटारसायकल पुसत होता. स्टँडसमोर त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. जुलैत पालकांनी त्याला शिक्षक-पालक संघाचा उपाध्यक्ष केलं होतं, आणि बायको अध्यक्ष असलेल्या संघात नवरा उपाध्यक्ष म्हणून गावानं बरीच चेष्टाही केली होती.

"मी गेटच्या बाजूनं बोलणाराय," तो फडका झटकत म्हणाला. "आधीच सांगून ठिवतो. मग म्हणू नको सांगितलं न्हाई."

"बोला की. त्याच्यासाठीच बैठक आहे."

"एका पोरीसाठी अख्ख्या शाळेची शिस्त मोडायलीस तू."

"एकीचं आपल्याला कळलं," शिवरंजनी म्हणाली. "बाकीच्यांचं अजून कळायचंय."

अप्पांनी मुलाकडं पाहिलं. राजेश्वर त्यांच्या बाजूनं बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांना बरं वाटलं आणि थोडं नवलही.

आत अप्पांच्या मंडळी, चन्नबसम्मा, मेथी निवडत होत्या. नात अर्पिता शेजारी बसून काड्या मोडत होती. तीही नववीत, योगिनीच्याच वर्गात.

"आज्जी, माझं डोकं दुखायलंय. मी येत न्हाई."

"आईला सांग."

शिवरंजनीनं दारातूनच ऐकलं होतं. "उशिराचं रजिस्टर तुझ्याकडं असतं, अर्पिता. कुणी मागितलं तर दाखवायला पाहिजे. चल."

"मीबी येते," चन्नबसम्मा म्हणाल्या. त्या शाळेत शेवटच्या गेल्या होत्या त्या नवऱ्याच्या निरोपसमारंभाला.

*

ताडकळसच्या बाजाराचा दिवस टाळून रविवार धरला होता आणि सोयाबीनच्या काढणीला अजून आठवडा होता, म्हणून माणसं बऱ्यापैकी आली. दोन वर्गांमधलं पार्टिशन काढून सतरंज्या घातल्या होत्या. शिपायानं सवयीनं शिक्षकांसाठी समोर खुर्च्या मांडल्या, त्या शिवरंजनीनं उचलायला लावल्या. शिक्षकही खालीच बसले. चंद्रभान सरांना गुडघ्यानं खाली बसवेना, त्यांना खुर्ची दिली. आणि अप्पा आत आल्यावर सगळेच उठले, त्यामुळं दुसरी खुर्ची आपोआप आली.

राजेश्वर पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसला. त्याची आई बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. सिताराम आलेला दिसला नाही, आणि राजेश्वरला हायसं वाटलं.

पहिलं कलम मारण्याचं होतं. शाळेत कुणीही कुणालाही मारायचं नाही. कायदाच होता तसा, पण मागून एक बाप उठून म्हणाला, "मारा की सर, आमची हरकत न्हाई. मारल्याबिगर पोरं ऐकत न्हाईत."

"तुमची हरकत नसंल," चंद्रभान सर म्हणाले, "पण उद्या व्हिडिओ निघाला तर नोकरी माझी जाते. तुमी याल का सोडवायला?"

लोक हसले. शुभदा बाई पाचवीला शिकवायच्या. त्यांनी हसू थांबल्यावर हळूच विचारलं, "आणि आम्ही घरी तक्रार पाठवली की घरी मारता, त्याचं काय? मी दोन वर्षांपासून तक्रार पाठवणंच सोडलंय. पोरगं दुसऱ्या दिवशी सुजून येतं."

बायकांमधून एकजण म्हणाली, "लिहा ते. शाळेचा फोन आला म्हणून घरी मारायचं न्हाई." कुणी विरोधात बोललं नाही, पण हात मोजले तेव्हा बायकांचेच जास्त निघाले. कलम झालं. मोबाईलचं कलम दोन मिनिटांत झालं. तिसऱ्या कलमाला वेळ लागला. शिक्षकांनीही आल्याची वेळ सर्वांना दिसेल अशी लिहावी, असं पालकांचं म्हणणं होतं. चंद्रभान सर बावीस वर्षं पूर्णेहून मोटारसायकलवर येत होते आणि दहाच्या आत पोचत होते. ते म्हणाले, "लिहा. मला काय फरक पडत न्हाई." ज्यांना फरक पडणार होता त्यांनी सतरंजीकडं बघत हात वर केले.

मग चौथं आलं. शिवरंजनीनं ते वाचलं आणि राजेश्वर उठला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला. त्यानं काल रात्रीच ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं. "हे गेट हाय म्हणून या शाळेचं नाव हाय. दहा तीस म्हणजे दहा तीस. मी आठवीत असताना मला उशीर झाला. हेडमास्तर कोण, तर माझे वडील. मलाबी बाहीर काढलं. कुणाची गय केली न्हाई. काय बिघडलं माझं? मी गेलो का वाया? सजा एकदा सोसली की माणूस वेळ पाळायला शिकतंय."

अप्पा खुर्चीत थोडे ताठ बसले. चंद्रभान सरांनी मान डोलावली. आठ-दहा बापांनीही डोलावली.

"राजा," भिंतीकडून आवाज आला.

चन्नबसम्मा उठल्या नव्हत्या. बसूनच बोलल्या, आणि त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण हेडमास्तरांच्या मंडळींना इतक्या माणसांत बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळे गप्प झाले.

"त्या दिवशी तू कुठं गेलतास ते सांग की."

"आई, आता ते कामून..."

"घरी आलतास तू. मागच्या दारानं. मी तुला गरम भाकरी केली, पिठलं केलं. तू जेवलास आन् झोपलास. चार वाजता तोंड धुवून पुढच्या दारी पुस्तक घेऊन बसवलं, म्हणजे लाड केले ते ह्यांना कळू न्हाई." त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. "ते एकदाच न्हाई झालं. चार-पाच बखत झालं. गावातली बाकीची पोरंबी तशीच आपापल्या आयांकडं जायची. म्हणून कुणाचं काय बिघडलं न्हाई. पण वस्तीवरच्या लेकरानं कुणाच्या मागच्या दारी जायचं?"

बायका हसू लागल्या होत्या, त्या शेवटच्या वाक्याला थांबल्या. राजेश्वर उभाच होता.

"त्यांना इचारा," दारातून कुणीतरी म्हणालं.

सिताराम आला होता. कामावरचेच कपडे होते, हातावर सिमेंट वाळलेलं. तो आत आला नाही, चौकटीला धरून उभा राहिला.

"पोरगी स्टँडवर बसती म्हणून मला कुणी सांगितलं, ते त्यांना इचारा."

शिवरंजनीनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला तोवर ठाऊक नव्हतं.

"मी सांगितलं," राजेश्वर म्हणाला. "तुझ्या चांगल्यासाठीच सांगितलं, सिताराम. रोज दिसायची मला दुकानातून. जमाना कसा हाय..."

"रोज दिसायची?"

"व्हय."

"किती दिवस?"

स्टँड राजेश्वरच्या दुकानापासून वीस पावलांवर होतं. त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तू इथं का बसलीस. बापाला सांगणं सोपं होतं. ते बरोबरच होतं असं तो गेला महिनाभर स्वतःला समजावत आला होता, आणि गेटचा नियम बरोबर ठरला असता तर तेही बरोबर ठरलं असतं. तो खाली बसला.

*

मन्मथअप्पांना बोलायचं नव्हतं. ते सभासद नव्हते आणि बायकोचं ऐकल्यावर त्यांना थोडा वेळ हवा होता. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्याच घराच्या मागच्या दारानं त्यांची शिस्त जेवून झोपून गेली होती, आणि हे त्यांना साठ माणसांच्या देखत कळलं होतं. पण हिशेबात काहीतरी राहिलंय अशी त्यांना शंका आली की विचारल्याशिवाय राहवत नसे.

"त्या मुलीला किती वेळा परत पाठवलं?" त्यांनी विचारलं.

चंद्रभान सर म्हणाले, "रजिस्टर हाय, सर. अर्पिताकडं." अप्पांना ते अजून सरच म्हणत. त्यांना नोकरीला घेतलं होतं ते अप्पांनीच.

अर्पिता खिडकीपाशी बसली होती. ती रजिस्टर घेऊन पुढं आली आणि पानं उलटत वाचू लागली. तारीख, नाव, वेळ. योगिनीचं नाव अकरा वेळा होतं. दहा बत्तीस. दहा एक्केचाळीस. दहा तेहतीस.

"कारण?" अप्पा म्हणाले.

"कारणाचा रकाना न्हाई, अप्पा."

"का नाही?"

अर्पितानं सरांकडं पाहिलं. चंद्रभान सर खुर्चीत अवघडले. "सर, तुमीच काढून टाकला होता," ते म्हणाले. "मी नवीन होतो. मी कारण लिहून घ्यायचो, तर तुमी म्हणालात, कारणं सगळ्यांकडं असतात, चंद्रभान. वेळ लिहा. तेव्हापासून आपण वेळच लिहितोय."

अप्पांना ते वाक्य आठवलं नाही. पण ते आपलंच आहे हे त्यांनी ओळखलं. शब्द आपले, ठेवणही आपली.

"बस," सिताराम दारातून म्हणाला. "दुसरं काय कारण असणार? बस उशिरा यायची. पूल खोदलाय, सगळ्या जगाला म्हाईत हाय."

"मला माहीत नव्हतं," चंद्रभान सर म्हणाले. ते खरं होतं. पूर्णेचा रस्ता दुसरा होता.

"मला माहीत होतं," अर्पिता म्हणाली.

ती रजिस्टर मिटून उभी होती. शिवरंजनी म्हणाली, "अर्पिता, बस आता." पण ती बसली नाही.

"शेवटच्या दिवशी गेटवर असणारे चंद्रभान सर प्रार्थनेला आत गेले होते. गेट मीच बंद करणार होते. बस आली. योगिनी उतरली आणि पळायला लागली. मला दिसत होती ती. दहा तीस झाले होते, पण गेट उघडंच होतं. मी थांबले असते तर ती आत आली असती." तिनं रजिस्टर छातीशी धरलं. "मी बंद केलं. कुलूप लावलं. मग तिचं नाव लिहिलं."

"कामून?" सितारामनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता.

"आधी एकदा मी सोडलं होतं तिला. तेव्हा मुलं म्हणाली, मॅडमची पोरगी मैत्रिणींना सोडती. मम्मी घरी म्हणाली, तू माझी मुलगी हायस, तुला तर एक मिनिटबी सूट देता येणार नाही." अर्पितानं आईकडं पाहिलं नाही. "म्हणून."

शिवरंजनीच्या हातात इतिवृत्ताची वही होती. ती ते वाक्य म्हणाली होती. ओट्यापाशी, भाजी परतताना, सहज. मुलीवर कुणी बोट ठेवू नये एवढंच तिच्या मनात होतं. ते वाक्य गेटपर्यंत जाईल असं तिला वाटलं नव्हतं. महिनाभर ती हा नियम सासऱ्यांचा म्हणून बोलत होती.

मग अप्पांनी घसा साफ केला.

"हा नियम केला तेव्हा मी एक यादी काढली होती," ते म्हणाले. "शाळेपासून कोण किती लांब राहतं, त्याची. सगळ्यांत लांबचं घर पंधरा मिनिटांवर होतं. खालच्या वस्तीवरून तेव्हा एकही मुलगी शाळेत येत नव्हती. मुलंसुद्धा दोनच, ती गावात मामाकडं राहायची. चालत येणाऱ्यांसाठी केलेला नियम होता तो." ते थांबले. "बसनं येणाऱ्यांसाठी परत यादी काढायला पाहिजे होती. कुणी काढली नाही. मी गेल्यावरही नाही, मी असतानाही नाही."

"मग चौथं कलम मंजूर धरायचं का, अप्पा?" शिवरंजनीनं विचारलं.

"मला काय विचारता? मला मत नाही. यांना विचारा." त्यांनी सतरंजीकडं हात केला. मग म्हणाले, "काढा नियम. पण मन्मथअप्पाचं चुकलं असं इतिवृत्तात लिहू नका."

"नाही लिहीत."

हात वर झाले. चंद्रभान सरांनी सगळ्यांत शेवटी केला, आणि अट घातली की रोज रोज रमतगमत येणाऱ्यांचं काय करायचं तेही आजच ठरलं पाहिजे, नाहीतर सोमवारी निम्मी शाळा अकराला येईल. त्यांचं म्हणणं लोकांना पटलं. मग पाऊण तास नुसता त्यावर गेला. ठरलं ते असं: उशिरा आलेल्याला वर्गात घ्यायचं. कारण लिहायचं. तीनदा उशीर झाला की त्याच दिवशी घरी फोन, आणि घरच्यानं दोन दिवसांत शाळेत यायचं. मारायला नाही, बोलायला. बसनं येणाऱ्यांची वेळ बसची धरायची.

उरलेली धरून आठ कलमं झाली. सह्यांचा कागद फिरला. शिवरंजनीची सही पहिली. राजेश्वरनं उपाध्यक्ष म्हणून दुसरी केली आणि कागद स्वतः उठून दारापर्यंत नेला.

सितारामनं पेन घेतलं. "सही करतो," तो म्हणाला. "पाव्हण्यांनाबी नको म्हणून कळवतो. पण पोरगी यील का न्हाई ते मला सांगता येत न्हाई. ती म्हणती, त्या गेटावर मी परत उभी ऱ्हाणार न्हाई. आता मी तिला मारून पाठवू का? तुमीच लिहून घेतलंय, मारायचं न्हाई."

*

दुपारी सगळे जेवायला बसले. चन्नबसम्मांनी अप्पांच्या ताटात भाकरी वाढली.

"चार-पाच वेळा?" अप्पांनी विचारलं.

"पाच."

"पाचही वेळा पिठलं?"

"एकदा शिरा केलता."

राजेश्वरला हसू आलं, पण अप्पा हसले नाहीत, म्हणून त्यानं ते दाबलं. थोड्या वेळानं अप्पा त्याला म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यामुळं वेळ पाळायला शिकलास."

"तुमच्यामुळंच," राजेश्वर म्हणाला. "जेवण आईमुळं."

अप्पांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. हात धुऊन आल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "वस्तीवर कधी जाणार?"

"आत्ता."

"मी येऊ?"

शिवरंजनीनं विचार केला. "तुम्ही आलात तर ती हो म्हणेल, अप्पा. तुमच्या वयाकडं बघून. मला तसं हो नकोय."

अप्पांना ते लागलं असावं, पण त्यांनी मान हलवली.

*

स्कूटीवरून जायला पस्तीस मिनिटं लागली. अर्पिता मागं बसली होती. पुलाच्या खोदलेल्या जागेशी गाडी ढकलावी लागली, तेव्हा शिवरंजनी मध्येच थांबून म्हणाली, "मी ते तुला म्हणायला नको होतं. सूट नाही म्हणून."

"पण कुलूप मीच लावलं, मम्मी."

"हो," शिवरंजनी म्हणाली, आणि दोघींनी गाडी पुढं ढकलली.

योगिनी दारात बसून शेंगा फोडत होती. मॅडमना बघून ती उठली, पोतं झटकून बसायला टाकलं, पाणी आणलं. अर्पिताकडं तिनं पाहिलं नाही. शिवरंजनीनं आठ कलमांचा कागद तिच्या हातात दिला. योगिनीनं तो सावकाश वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग सह्याही वाचल्या.

"बापूंची सही हाय," ती म्हणाली.

"आहे."

"सरांची हाय. तुमची हाय." तिनं कागद उलटा करून पाहिला. मागं कोरं होतं. "आमाला कुणी इचारलं?"

शिवरंजनीनं सह्यांवरून पुन्हा नजर फिरवली. शिक्षक बोलावले होते, पालक बोलावले होते. मुलांमधून एकटी अर्पिता होती, आणि तीही रजिस्टरसाठी.

"आत्ता विचारते," ती म्हणाली. "काय लिहू?"

योगिनीनं दोन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले. "उशीर झाला तर कारण इचारा, पण सगळ्यांसमोर इचारू नका. बाजूला घेऊन इचारा," ती म्हणाली. "बाहीर उभं असलं की येणारे-जाणारे बघतात. स्टँडवर बसलं की आणखी बघतात. काहीजण चकरा मारतात. मला लाज वाटायची म्हणून मी घरी सांगितलं न्हाई. भ्यायले म्हणून न्हाई."

शिवरंजनीनं पर्समधून पेन काढलं आणि कागदावर नववं कलम लिहिलं. योगिनीनं ते वाचलं. एका शब्दाची वेलांटी ऱ्हस्व झाली होती, ती तिनं बोटानं दाखवली आणि मॅडमनी दीर्घ केली. मग योगिनीनं बापाच्या सहीखाली सही केली, पूर्ण नाव लिहून.

शिवरंजनी उठून योगिनीच्या आईशी बोलायला आत गेली. दारात दोघीच राहिल्या.

"मी बघितलं होतं तुला," अर्पिता म्हणाली. "त्या दिवशी."

"म्हाईत हाय. मीबी तुला बघितलं."

"मी आज सगळ्यांसमोर सांगितलं."

"बापू म्हणाले." योगिनीनं सूप पुढं ओढलं. शेंगा फोडत राहिली. अर्पितानं चार शेंगा उचलल्या आणि तीही फोडू लागली. तिला योगिनीइतकं भराभर जमत नव्हतं.

"माफ कर," अर्पिता शेवटी म्हणाली.

आतून दोघींच्या आयांचा आवाज येत होता. सुपातले दाणे एका बाजूला करून योगिनीनं टरफलं उडवली.

"गणितात कुठवर झालंय?"

"बहुपदी संपलं. गुणोत्तर चालू हाय. दोन सरावसंच राहिलेत."

"आन् इंग्रजी?"

"चार धडे."

योगिनीनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं.

"नुसतीच आलीस व्हय?" ती म्हणाली. "वह्या आणायच्या होत्यास की मग."